त्सोना सुईणीने मिळवलेला तास

दोल्ना स्लिवा गावात माणूस वारला की त्याचा फोटो छापून कागद चिकटवतात. बसथांब्यावर, पावाच्या दुकानाच्या दारावर, विजेच्या खांबावर. चाळीस दिवसांनी दुसरा कागद, वर्षाने तिसरा. त्यामुळे गावाला जिवंतांपेक्षा मेलेल्यांचेच चेहरे जास्त पाठ.

म्हणून नोव्हेंबरात जिल्ह्याच्या शहरातून आलेल्या नेवेनाने बसथांब्यावरच्या फळीवर आपला कागद लावला, तेव्हा जे व्हायचं तेच झालं. कागदावर मान खाली घातलेल्या एका तरुण बाईचा काळापांढरा फोटो होता. खाली मोठ्या अक्षरांत गुरुवार, संध्याकाळी पाच, वाचनालयाचं सभागृह. मध्ये ‘घरातला छळ कसा थांबवायचा’ अशी एक बारीक ओळही होती. पण ती वाचायला चष्मा लागला असता, आणि मयताचा कागद चष्मा लावून कुणी वाचत नाही. चेहरा बघायचा, हळहळायचं, वेळ लक्षात ठेवायची.

गुरुवारी पाचला अकरा बायका आणि मेतोदी काका हजर झाले. सगळ्यांच्या अंगावर काळे कपडे, हातात मेणबत्त्या आणि मयतासाठी उकडलेल्या गव्हाच्या वाट्या, वर पिठीसाखर पेरलेली.

“कुणाची म्हणायची ही?” मेतोदी काकांनी टोपी काढत विचारलं.

“कोण?”

“हीच, वारलेली. वय काय होतं हो?”

“काका, कुणी वारलेलं नाही,” नेवेना म्हणाली. “महिला मदत केंद्राकडून, नवराबायकोतल्या मारहाणीबद्दल बोलायला आलेय मी.”

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “देवाची कृपा,” ते म्हणाले, आणि जरा थांबून, “मग गव्हाचं काय करायचं?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मयताला गेलेली बाई घरी जाऊन सांगू शकते, की मयताला गेले होते. छळावरच्या व्याख्यानाला बसलेली बाई घरी काय सांगणार? पाच मिनिटांत सभागृह रिकामं झालं. टेबलावर गव्हाच्या अकरा वाट्या राहिल्या. माणसं राहिली दोन: एक स्तोयका, कारण वाचनालयाची किल्ली तिच्याकडे होती, आणि दुसरी त्सोना आजी, कारण ती शेगडीपाशी आधीच बसली होती, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी बसल्यावर उठणं हे वेगळं काम असतं.

त्सोना आजी गावची सुईण. म्हणजे आता निवृत्त, पण गावाच्या दृष्टीने सुईण निवृत्त होत नसते. चाळीसहून जास्त वर्षं तिने या गावात आणि आसपासच्या चार वस्त्यांत बाळंतपणं केली. चाळिशीपुढच्या निम्म्या गावाला जगातलं पहिलं थोबाड दिसलं ते तिचं. त्यामुळे कुणाच्याही घरात न विचारता शिरायचा आणि कुणाच्याही पातेल्याचं झाकण उचलून बघायचा आपल्याला जन्मसिद्ध हक्क आहे, अशी तिची समजूत होती. हक्क जन्मसिद्ध होता खरा. फक्त जन्म दुसऱ्यांचे होते.

तिने एक वाटी पुढे ओढली आणि चमचा घातला.

“पोरी, या गावात माणसं कारण न विचारता दोनच गोष्टींना जमतात,” ती म्हणाली. “मयताला आणि प्यायला. मयत करून बघितलंस तू.”

नेवेनाला हसू आलं. तिने प्रोजेक्टरची वायर गुंडाळली आणि आजीसमोर येऊन बसली. “आजी, तुमच्या गावात असं काही घडतच नाही का?”

“आमच्याकडे? छे,” आजी म्हणाली. गहू चावत राहिली. वाटी अर्धी झाल्यावर म्हणाली, “एक आहे.”

वेसेला सव्वीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिचं आसेनशी लग्न झालं. आसेन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, विधवांची लाकडं फुकट फोडून द्यायचा, आणि बायकोला कुठेही एकटं सोडायचा नाही. दुकानात रांगेत तो तिच्या शेजारी उभा. कुणी विचारलं, “वेसेला, बरी आहेस ना?” तर तो म्हणायचा, “बरी आहे ती.” तिचा फोन त्याच्या खिशात, तिचं ओळखपत्र त्याच्या पाकिटात, ती हरवते म्हणे. शेजारच्या गावातल्या बालवाडीतली नोकरी तिने सोडली. तिला प्रवास सोसत नाही म्हणे. गावातल्या बायका उसासे टाकायच्या. “काय जीव लावतो! आमचा माणूस आमच्याबरोबर फाटकापर्यंत येत नाही.”

आजीही त्या बायकांत होती, ऑक्टोबरपर्यंत. एक दिवस पावाच्या दुकानात वेसेलाला विचारलं गेलं, पांढरा देऊ की काळा, आणि ती वळून आसेनच्या तोंडाकडे बघत राहिली. पावासारखी गोष्ट. आसेन खिडकीबाहेर बघत होता, म्हणून ती थांबली. मागे सात माणसं खोळंबली, तरी थांबली.

आजीने तसं बघणं आधी एकदा पाहिलं होतं. वेसेलाच्या आईचं. वेसेलाच्या वेळी आईला नववा महिना लागला असताना आजीने तिच्या दंडावर बोटांचे वळ पाहिले होते, मोजता येतील असे. आजीच्या बॅगेत तेव्हा कात्री, दोरा, स्पिरिट आणि एक वाक्य कायम असायचं: मूल झालं की निवळेल. ते वाक्य तिने त्या दिवशीही काढून दिलं. निवळलं काहीच नाही. वेसेलाची आई बावन्नाव्या वर्षी गेली, तोवर बाजारात नवऱ्याला विचारल्याशिवाय तिने एक कांदा उचलला नाही.

हे सगळं आजीने सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, “मी चौकात उभी राहून त्या आसेनची अब्रू काढते. मी बोलले तर गाव ऐकेल.”

“नका काढू,” नेवेना म्हणाली. “तुम्ही बोलाल आणि घरी जाल. तीही घरीच जाईल. त्याच्याबरोबर.”

आजीचा चमचा थांबला.

“मग काय हवं तुला?”

“एक तास. ती आणि मी. तो जवळ नको, आणि त्याला शंकाही यायला नको. मग ती काय करेल, काही करेल की नाही, ते तिचं.”

“एवढंच?” आजी म्हणाली. “अगं, एक तास म्हणजे काय मोठं!”

एक तास म्हणजे काय, ते तिला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. तिने वेसेलाला प्लमचा मुरंबा न्यायला बोलावलं. आसेन बरोबर आला आणि दोन बशा मुरंबा खाऊन गेला. डोळ्यांत औषध घालायला माणूस नाही म्हणून निरोप धाडला; आसेननेच येऊन औषध घातलं, आणि चीड याची की अगदी नीट घातलं, एक थेंब गालावर आला नाही. चर्चमध्ये आजी वेसेलाच्या शेजारी सरकली, तर मध्ये आसेन मेणबत्ती धरून उभा. “आजी, पडाल हं,” म्हणून त्याने तिचा हातही धरला. गाव धन्य झालं.

“माणूस आहे की डिंक?” आजी स्तोयकाला म्हणाली.

उरला जानेवारी. एकवीस तारखेला सुईणींचा दिवस. त्या दिवशी गाव बायकांचं. ज्यांना मुलं झाली त्या, ज्यांना व्हायची आहेत त्या, सगळ्या सुईणीचे हात धुवायला जमतात, मग खातात, पितात, बुचाच्या काजळीने मिशा काढतात, नवऱ्यांच्या टोप्या घालतात आणि नवऱ्यांची अशी नक्कल करतात, की ती ऐकून पाद्रीही पडदा ओढून घेतो. पुरुषांनी घरात बसायचं. बायकोला त्या दिवशी अडवणाऱ्याच्या घरात पाळणा हलत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. आणि नवीन माणसं मानत नसली तरी परीक्षा बघत नाहीत.

“सुईणीच्या दिवशी व्याख्यान?” स्तोयकाने कपाळावर हात मारला. “आजी, बायका त्या पोरीला बाटली फेकून मारतील.”

“व्याख्यान कसलं, मिशा,” आजी म्हणाली. “नकला तर दरवर्षी करतोच. ही फक्त मध्ये मध्ये एक प्रश्न विचारणार. त्यात काय?”

“आणि आसेन? तो सोडेल तिला?”

“सोडेल. आणि बाहेर गाडीत बसून राहील.”

“मग?”

आजीने दारामागे लटकवलेल्या वाळक्या लाल मिरच्यांची माळ काढली आणि गळ्यात घालून आरशात बघितलं.

एकवीस तारखेला तसंच झालं. दुपारी बाराला आसेनने वेसेलाला सभागृहाच्या दारात सोडलं, तीनला न्यायला लागेल म्हणून समोरच गाडी लावली, आणि इंजिन चालू ठेवून आत बसून राहिला. तिथून सभागृहाच्या दोन्ही खिडक्या दिसत होत्या.

आत तोवर स्तोयका आपला नवरा झाली होती. ती खुर्चीत पसरून ओरडत होती, “बायको! मीठ कुठंय?” आणि मीठ तिच्या कोपराशीच होतं. बायका हसून हसून टेबलावर पडल्या. हसू ओसरायच्या आत नेवेनाने विचारलं, “आणि मीठ सापडलं नाही तर काय करतो हा?” 

“शिव्या देतो!” एकजण म्हणाली.

“बशी आपटतो!” दुसरी.

“कुणावर?” नेवेनाने विचारलं, सहज, चीज भरलेल्या बानित्साचा खुसखुशीत तुकडा मोडता मोडता.

पुन्हा हसू आलं, पण या वेळी सगळीकडून नाही. दोन-तीन ठिकाणी ते आलंच नाही. आजीने ती ठिकाणं बघितली. वेसेला भिंतीपाशी बसली होती, खिडकीकडे तोंड करून.

आजी उठली. मिरच्यांची माळ, लसणाची वेणी, मक्याच्या लाह्यांचे तीन सर, हातात टकळी. एखादं भाजीचं दुकान उठून चालायला लागावं तशी ती दिसत होती.

“बायांनो,” ती म्हणाली, “रस्त्यावर पुरुष आहे.”

पंचवीस मिशा एकदम दाराकडे धावल्या.

आसेनने काच वर करायच्या आत स्तोयकाचं लाटणं आत होतं. गाडीची किल्ली गेली, टोपी गेली, कमरेला फुलाफुलांचा अ‍ॅप्रन आला. तो हसत होता. हसावंच लागतं, सुईणीच्या दिवशी चिडलेल्या पुरुषाला गाव वर्षभर चिडवतं. त्याला लाकडाच्या हातगाडीला जुंपलं. दरवर्षी ती गाडी बायकाच ओढतात, सुईणीला पाणवठ्यापर्यंत नेऊन आणतात. अर्ध्या तासाचं काम.

“वेसेला, तू मागे थांब. ओव्हनमधला दुसरा बानित्सा बघ,” स्तोयका ओरडली. “आणि शहरातल्या बाई, तुम्हीही आतच बसा. तुम्हाला थंडी सोसायची नाही!”

दार लागलं. आजी गाडीत चढली, म्हणजे तिला चढवण्यात आलं. मागून डफ सुरू झाला.

“सरळ घेऊ ना आजी?”

“सरळ कशाला? वरच्या आळीतून घे. माझी लेकरं बघायचीत मला.”

आणि ती प्रत्येक घरापाशी गाडी थांबवू लागली. “या घरात दोन. मोठा पायाळू. थांब, शिव्या देऊन येऊ दे बाहेर त्याला.” पडद्याआडून मोठा पायाळू, वय बावन्न, हात हलवायचा. “इथे तीन. इथे एकच, पण काय डोकं होतं त्याचं! तेव्हापासून रिकामंच आहे.” प्रत्येक दारात बायका एक फेर धरून नाचायच्या, कुणीतरी वाइनचा घोट द्यायचं, गाडी पुन्हा निघायची. चढ होता, बर्फ अर्धवट वितळलेलं होतं. आसेनला घाम फुटला.

“आजी, वेसेला कुठंय?” त्याने मागे न बघता विचारलं.

“ओव्हनपाशी.”

“एकटी?”

“बानित्सा आहे सोबत. तो चावत नाही.”

सोळा घरं झाली. आजीने मनात हिशेब केला: पंचवीस मिनिटं. पाणवठ्यावर बायकांनी तिच्या हातांवर पाणी घातलं, साबण दिला, टॉवेल दिला, नातवंडं उंच वाढावीत म्हणून तीन तीनदा उडी मारली. चाळीस मिनिटं. अजून वीस हवी होती आणि करायचं काही उरलं नव्हतं. बायका पुढे नाचायला गेल्या. डफ मोठ्याने वाजत होता.

आसेन दांडा धरायला वाकला. त्याचा चेहरा बायकांकडे होता, तसाच हसरा. त्या चेहऱ्याखालून एक वेगळाच आवाज आला.

“पुरे झालं आता, म्हातारे.”

आजीला तो आवाज माहीत होता. चाळीस वर्षं ती तो ऐकत आली होती; बाळंतिणीच्या खोलीत गरम पाणी ओतताना, दाराच्या पलीकडून. मध्ये दार असायचं. आज ते नव्हतं. तिच्या गळ्यातल्या लाह्या बारीक वाजू लागल्या आणि तिला आधी कळलंच नाही, की आपणच थरथरतोय. तिला वाटलं, गाडीतून उतरावं. मग वाटलं, आपल्याला उतरता तरी येतं, वेसेलाला येत नाही. आणि ती टकळी डोक्यावर उंच धरून किंचाळली,

“बायांनो! आसेन म्हणतोय, एवढ्याने काय होतंय, खालच्या आळीतूनही एक फेरी मारू या!”

असा जल्लोष त्या पाणवठ्याने पूर्वी ऐकला नसेल. बायकांनी त्याचे गाल ओढले. “बघा, याला म्हणतात पुरुष!” स्तोयकाने त्याला स्वतःच्या हाताने राकिया पाजली. आसेनने दांडा उचलला. दुसरं काय करणार होता?

खालच्या आळीत तेवीस घरं होती. आजीने एकही सोडलं नाही. ज्या घरात तिने बाळंतपण केलं नव्हतं, तिथे तिने शेळीचं केल्याचं सांगितलं.

परत आले तेव्हा सव्वा तास झाला होता. सभागृहाच्या दारात वेसेला उभी होती, काजळीच्या मिशीत. आतून जळकट वास येत होता.

आसेन दांडा टाकून पुढे झाला. आत ओव्हनच्या पाटावर बानित्साची कोळसा झालेली चकती होती. त्याने त्या चकतीकडे पाहिलं, मग बायकोकडे. “बघत होतीस ना? काय करत होतीस मग?”

डफ थांबला होता. आजी अजून गाडीतच होती. तिला उतरवायचं सगळे विसरले होते.

“अरे, तिला काय विचारतोस, या मेल्या ओव्हनला विचार!” स्तोयका मध्ये घुसली. “वरून कच्चं, खालून कोळसा. ख्रिसमसला माझं अख्खं बदक खाल्लं त्याने. सरक.”

“जळाला,” वेसेला म्हणाली.

एवढंच. पण आसेनच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, आणि आजीने ते टिपलं.

आसेनला टोपी मिळाली, किल्ली मिळाली, गालांचे मुके मिळाले. त्याने सगळ्यांबरोबर एक पेला घेतला आणि तीनला वेसेलाला घेऊन गेला. जाताना तो पुन्हा त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, “आजी, तुम्ही म्हणजे ना, कमाल आहात!”

गाडी वळणाआड गेल्याबरोबर आजीने नेवेनाला कोपऱ्यात गाठलं.

“बोल. काय म्हणाली?”

“ते नाही सांगता येणार.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते तिचं आहे, आजी.”

“अगं, मी तिला या जगात आणलंय! तिने श्वास घ्यायच्या आधी मी तिच्या पाठीत धपाटा घातलाय! एकोणचाळीस घरं फिरले मी, माझ्या ढुंगणाची हाडं बघ, आणि मला नाही सांगणार?”

“नाही.”

“हो की नाही, एवढं तरी सांग. मान हलव.”

नेवेनाने मान हलवली नाही. ती ओल्या फडक्याने एका बाईच्या मिशा पुसत राहिली. मग म्हणाली, “बाकीच्या दोघींचंही नाही सांगणार.”

“कोण दोघी?” आजीचा जबडा खाली आला. “केव्हा? माझ्यादेखत?”

“तुम्ही शेळीचं बाळंतपण सांगत होतात तेव्हा दोघी पाणी प्यायला म्हणून मागे परतल्या होत्या.”

त्या रविवारी आजीला चर्चमध्ये प्रार्थना सुचली नाही. ती सगळ्या बायकांच्या पाठी बघत उभी राहिली.

आयुष्यात पहिल्यांदाच तिला गावातली एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती गोष्ट तिला पोटातल्या खड्यासारखी टोचत होती. फेब्रुवारी गेला. वेसेला तशीच रांगेत, आसेन तसाच शेजारी. मार्चमध्ये करकोचे आले आणि विजेच्या खांबावरच्या घरट्यात बसले. नेवेना दोनदा येऊन गेली, आता सभागृहात ‘मिशांची दुपार’ म्हणून काहीतरी व्हायचं आणि त्याला पंधरा-वीस बायका यायच्या. पण तिच्या तोंडातून शब्द निघेना. आजीने मुरंबा देऊन पाहिला, रुसून पाहिलं, छातीत कळ आल्याचं सोंग करून पाहिलं. नेवेनाने नाडी बघितली आणि म्हणाली, छान चाललीय. आजीची खात्री पटली, की तास वाया गेला. काही झालंच नाही, म्हणून ती सांगत नाही.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी आजी मिरचीची रोपं लावत होती. दुपारचे दोन वाजले असतील. आसेनची गाडी फाटकाशी करकचून थांबली. तो सकाळी गाडीच्या तपासणीसाठी जिल्ह्याला गेला होता, एवढं आजीला ठाऊक होतं.

“कुठे आहे ती?”

“कोण रे?”

“नाटकं करू नका. कपाट रिकामं आहे. सगळं तुम्हालाच माहीत असतं या गावात. कुठे पाठवलंत तिला?” त्याने पाकिटातून ओळखपत्र काढून तिच्यासमोर धरलं. “हे माझ्याकडे आहे. याच्याशिवाय ती जाणार कुठे?”

आजीने मातीचे हात झटकले. तिला खोटं बोलता येत नसे. खोटं बोलली की तिचे कान लाल व्हायचे, शाळेपासून. तिचा दिवंगत नवरा तर पत्ते खेळताना तिच्या पानांकडे न बघता कानांकडे बघायचा. हे गावाला माहीत होतं. आसेनलाही माहीत होतं. तो फाटकावरून वाकला आणि तिच्या कानांकडे बघू लागला.

“मला माहीत नाही,” आजी म्हणाली.

“केव्हा गेली?”

“माहीत नाही.”

“कुणाबरोबर?”

“माहीत नाही रे बाबा.”

तो बराच वेळ बघत राहिला. कान मातकट होते, सुरकुतलेले होते, थंड होते. त्यांच्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. शेवटी त्याने फाटकाला लाथ घातली आणि गाडीत बसून स्तोयकाच्या घराच्या दिशेने गेला. स्तोयकाचे कान काही बोलत नसत. पण तिलाही माहीत नव्हतं.

धूळ बसेपर्यंत आजी रोपांच्या वाफ्यातच उभी राहिली. त्या नेवेनाला ती मनातल्या मनात तीन महिने ज्या शिव्या देत होती, त्या तिने एकेक करून परत घेतल्या. शेवटची एक ठेवली, सवयीने.

पलीकडच्या कुंपणावरून शेजारीण वाकली. तिच्या डोळ्यांत ती चमक होती, जी आजीला आपल्या आरशातून चांगली ओळखीची होती.

“आजी, काय झालं गं? काय म्हणत होता तो? वेसेला गेली म्हणतात, खरं का? कुठे गेली?”

“मला काहीच माहीत नाही,” आजी म्हणाली. तिने ते हळूच म्हटलं नाही. चार घरांना ऐकू जाईल असं म्हटलं, आणि शेजारणीचं तोंड पडलेलं बघून पुन्हा एकदा म्हटलं.